इर्शादची हस्तछाया

अभिनंदन मगदूमनं कॅमेरा सुरू केला आणि नेहमीसारखं "काय मंडळी, बरं हाय न्हवं?" म्हणून तो क्षणभर थांबला. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ती हलवायची असं तो गेली तीन वर्षं ठरवत होता आणि प्रत्येक वेळी कॅमेऱ्याची चौकटच थोडी डावीकडे सरकवून वेळ मारून नेत होता.

जयसिंगपूरच्या एका बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानावरची ही खोली. इथूनच त्यानं आणि इर्शाद मुजावरनं 'जोडीदार' नावाचं चॅनेल सुरू केलं होतं, तेव्हा दोघं सांगलीला कॉलेजात होते. दोघांनी मिळून खेळायचे गेम्स ते खेळत आणि खेळताना कोल्हापुरीत बोलत. अभिनंदनची बडबड अखंड चालायची, इर्शाद मोजकं बोलायचा. अभिनंदन अंगावर धावून जायचा, तर इर्शाद मागं थांबून त्याला सांभाळून घ्यायचा. लातूरपासून लंडनपर्यंतची मराठी पोरं त्यांचं खेळणं बघत मोठी झाली. चॅनेलला दरमहा काहीतरी देऊन ते चालू ठेवणाऱ्यांना दोघं 'मंडळी' म्हणत.

मग इर्शादच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आपोआप आत वळायला लागली. सुरुवातीला थकवा वाटला. नंतर कंट्रोलर हातात घेतला की बोटं मुडपायची आणि हवी ती बटणं दाबलीच जायची नाहीत. गंमत अशी की पेन धरताना, जेवताना, गाडी चालवताना हात अगदी ठीक असायचा. मिरजेच्या मेंदूतज्ज्ञांनी त्याचं कारण समजावून सांगितलं होतं. मेंदूत प्रत्येक बोटाची स्वतःची जागा असते. वर्षानुवर्षं तीच बारीक हालचाल वेगानं करत राहिलं, तर शेजारशेजारच्या जागांच्या सीमा पुसट होतात. एका बोटाला दिलेला हुकूम दुसऱ्यालाही ऐकू जातो. शिरा धड, स्नायू धड, पण नकाशा बिघडलेला. सतारियांना, टंकलेखकांना पूर्वीपासून हे होत आलेलं आहे. आता खेळणाऱ्यांना व्हायला लागलं होतं.

इर्शादनं एका व्हिडिओत मंडळींचा निरोप घेतला आणि उदगावच्या रस्त्याला मामाच्या जागेत भाजीच्या रोपांची नर्सरी काढली. मैत्री तुटली नाही. पण खेळाचा विषय निघाला की इर्शाद पाण्याबद्दल नाहीतर पावसाबद्दल बोलायला लागे, आणि हळूहळू अभिनंदननं तो विषय काढायचं सोडलं. मग भेटणंही विरळ झालं, कारण त्या दोघांमध्ये दुसरा विषय फारसा कधी नव्हताच.

एकट्याचं चॅनेल अभिनंदननं रेटलं. मंडळी कमी होत गेली. जी राहिली ती प्रत्येक व्हिडिओखाली तोच प्रश्न विचारायची: इर्शादभाई कुठायत?

अशी तीन वर्षं गेल्यावर पावसाळ्यात पुण्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेतून गार्गी दीक्षित नावाच्या मुलीचा फोन आला. ती लहानपणापासून 'जोडीदार' बघत आली होती. तिच्या गटानं एक तंत्र तयार केलं होतं, त्याला ते लोक 'हस्तछाया' म्हणत.

गार्गीनं ते सोपं करून सांगितलं. आजवरची यंत्रं खेळ जिंकायला शिकत आली होती. हस्तछाया जिंकायला शिकत नाही, एका विशिष्ट माणसासारखं खेळायला शिकते. डोळ्यांना दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत प्रत्येक हाताला वेगळा वेळ लागतो. कुणी घाबरला की डावीकडे पळतो, कुणी उजवीकडे. कुणी उडी मारण्याआधी किंचित अडखळतो. या सगळ्याची मिळून एक चाल तयार होते, आणि ती माणसाच्या चालण्यासारखीच दुसऱ्या कुणाची नसते. एखाद्या हाताच्या पुरेशा नोंदी मिळाल्या, तर न बघितलेल्या खेळातही तो हात काय करेल हे यंत्र ताडू शकतं. त्याच्या चुकांसकट.

अशा नोंदी कुणाकडे नसतात. पण 'जोडीदार'च्या प्रत्येक व्हिडिओच्या कोपऱ्यात दोघं कोणती बटणं दाबतात ते दाखवायची पद्धत होती, आणि त्यासाठी दोघांनी दाबलेलं प्रत्येक बटण अभिनंदननं पहिल्या दिवसापासून नोंदवून ठेवलं होतं.

गार्गीनं नमुना म्हणून थोड्याशा नोंदींवरून एक छाया तयार करून पाठवली. अभिनंदननं ती एका दुपारी चालू केली. पडद्यावर दुसरा खेळाडू उभा राहिला. अभिनंदन नेहमीप्रमाणे काही न बघता पुढं घुसला, चारी बाजूंनी वेढला गेला, आणि दुसरा खेळाडू मागून येऊन, घाई न करता, आधी डावीकडचा आणि मग मागचा असं एकेका शत्रूला बाजूला करत त्याच्यापाशी पोचला. सगळं शांत झाल्यावर तो अभिनंदनभोवती एक छोटी चक्कर मारून थांबला. इर्शादची ती सवय होती. ठीक आहेस न्हवं, असं विचारायची.

अभिनंदनची बायको पद्मजा चहा घेऊन आली तेव्हा तो कंट्रोलर खाली ठेवून डोळे पुसत होता. तिनं पडद्याकडे बघितलं आणि तिला लगेच कळलं. कोण खेळतंय, असं तिनं विचारलंच नाही.

"आधी इर्शादभाऊंना विचार," ती म्हणाली.

तो म्हणाला की अर्थातच विचारणार आहे.

तो दोन दिवसांनी नर्सरीत गेलाही. शेडनेटखाली हिरव्या उजेडात इर्शाद बाकावर बसून ट्रेमध्ये ढबू मिरचीचं बी टोकत होता. प्रत्येक खळग्यात एक बी, तेही चिमटीनं, इतक्या सफाईनं की अभिनंदन बघतच राहिला. या हाताला काही झालंय असं कुणाला खरं वाटलं नसतं. इर्शाद त्याला बघून मनापासून खूश झाला. त्यानं कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची पोती दाखवली, नवीन फवारणीची सोय दाखवली, गेल्या वर्षी टोमॅटोच्या रोपांवर पडलेल्या रोगाची हकिगत सांगितली. अभिनंदन योग्य वेळेची वाट बघत होता. ती वेळ जवळ आल्यासारखी वाटली तेवढ्यात अब्दुललाट गावचे एक शेतकरी टेम्पो घेऊन रोपं न्यायला आले आणि इर्शाद उठला.

"दिवाळी झाल्यावर निवांत ये की," तो जाता जाता म्हणाला. "मला पण तुला एक दाखवायचंय."

अभिनंदनला वाटलं, एखादं नवीन वाण असेल. गाडीवर बसताना त्याला हलकं वाटलं. न विचारल्याचा त्याला सुटकेसारखा आनंद झाला होता, आणि ते त्याच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. इर्शाद नाही म्हणाला असता तर संपलंच होतं. आता अजून काही संपलेलं नव्हतं.

म्हणून त्यानं ते मंडळींवर सोपवलं. पुढं काय करायचं हे मंडळींना विचारायची चॅनेलची प्रथा होतीच. वर्षातून एकदा तीन पर्याय द्यायचे आणि ज्याला जास्त मतं ते करायचं. यंदाचा पहिला पर्याय म्हणजे एक नवीन, एकट्यानं खेळायचा अंतराळातला गेम. दुसरा, घरं बांधायच्या गेममध्ये अख्खं जुनं जयसिंगपूर उभं करायचं. आणि तिसरा 'सप्तद्वार' पूर्ण करायचा. 'सप्तद्वार' हा दोघांनाच खेळता येणारा, बराच अवघड गेम होता. सहावं दार गाठल्यावर इर्शादच्या बोटांनी दगा दिला होता आणि मालिका तिथंच अर्धवट राहिली होती.

कॅमेऱ्यासमोर अभिनंदननं पहिले दोन पर्याय नीट समजावून सांगितले. तिसरा वाचताना त्याचा आवाज थोडा बदलला.

"आणि तिसरा, 'सप्तद्वार'. इर्शादबरोबर. कसं, ते आत्ता विचारू नका. निवडून आलं तर सांगतो."

छाया हा शब्द त्यानं उच्चारला नाही. उत्सुकता राहावी म्हणून नाही उच्चारला, असं तो स्वतःला सांगत राहिला. पद्मजानं तो व्हिडिओ बघितल्यावर विचारलं की इर्शादभाऊंशी बोलणं झालं का. तो म्हणाला, इर्शाद चॅनेल बघतो. त्याला नको असेल तर तो फोन करेल.

"हे विचारणं नाही झालं," पद्मजा म्हणाली. तिनं वाद वाढवला नाही.

तिसरा पर्याय इतक्या मोठ्या फरकानं निवडून आला की बाकीच्या दोन पर्यायांना मतं पडली होती हेच कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सोडून गेलेली मंडळी परत आली. लोकांनी आपापल्या शाळेच्या, वसतिगृहाच्या आठवणी लिहिल्या. एका बाईनं लिहिलं की बाळंतपणानंतरच्या वाईट दिवसांत ती या दोघांचं खेळणं लावून पडून राहायची. अभिनंदन ते सगळं वाचत होता. आपल्याला हवं होतं ते इतक्या लोकांनी मागितलं म्हटल्यावर ते आता आपलं एकट्याचं मागणं राहिलेलं नाही, असं त्याला वाटायला लागलं. इर्शादचा फोन आला नाही. दिवाळी झाली. निवांत भेटायला बोलावल्याचं अभिनंदनला आठवत होतं, पण आता रिकाम्या हातानं जाण्यापेक्षा तयार झालेला पहिला भाग घेऊनच जाऊ, इर्शाद बघेल तेव्हा त्यालाही भरून येईल, असा त्यानं विचार केला. नंतर भाग वेळेवर टाकायच्या गडबडीत तेही राहून गेलं.

गार्गीनं पाठवलेल्या करारावर सही करताना एका कलमावर तो थबकला होता. नोंदी चॅनेलच्या मालकीच्या असल्यानं चॅनेलच्या मालकाची संमती पुरेशी आहे, असं त्यात लिहिलं होतं. कागदोपत्री मालक अभिनंदन होता. चॅनेल काढलं तेव्हा इर्शादचं बँकेत खातं नव्हतं, एवढंच त्यामागचं कारण.

पहिला भाग आला आणि चॅनेलच्या सगळ्या आयुष्यात कुठलाही गाजला नव्हता तसा गाजला. सुरुवातीलाच अभिनंदननं हस्तछायेचं रहस्य सांगितलं. थोडे लोक निराश झाले, इर्शादभाई स्वतः येणार असं वाटलं होतं, असं त्यांनी लिहिलं. पण खेळ सुरू झाला आणि तेही गप्प झाले. सहाव्या दाराशी जुन्या जागी तो उभा होता, तसाच, अभिनंदनच्या मागं दोन पावलं. अभिनंदन बडबडत होता आणि दुसऱ्या बाजूनं आवाज येत नव्हता, पण इर्शाद तसाही कमीच बोलायचा.

दुसरा भाग, तिसरा भाग. मग प्रयोगशाळेनं नवा प्रस्ताव ठेवला. मंडळींना आपापल्या घरी इर्शादच्या हस्तछायेबरोबर खेळता आलं तर? ज्यांना कुणी जोडीदार नाही त्यांना जोडीदार मिळेल. अभिनंदननं याही वेळी मंडळींना विचारलं. मंडळी हो म्हणाली.

हे सगळं झाल्यावर, मालिकेचा शेवटचा भाग करायचा राहिला तेव्हा, तो इर्शादला पाहुणा म्हणून बोलवायला नर्सरीत गेला. मनात त्यानं ठरवलं होतं की छाया शेवटचं दार उघडेल आणि इर्शाद शेजारी बसून ते बघेल. लोकांना तो क्षण आवडेल, आणि इर्शादलाही.

नर्सरीत बाकावर दोन बाया बी टोकत बसल्या होत्या. इर्शाद बाजूला खुर्चीवर होता आणि त्याचा उजवा हात मांडीवर उलटा ठेवलेला होता. शेवटची तीन बोटं तळव्यात मिटलेली होती.

अभिनंदननं विचारलं, हे काय झालं. इर्शादनं आधी बायांना चहाला पाठवलं. मग तो उठून मागच्या खोलीकडे गेला आणि अभिनंदन त्याच्या मागून गेला.

खोली स्वच्छ पांढरी रंगवलेली होती. भिंतीवर पडदा होता, समोर दोन खुर्च्या होत्या. खिडकीला जाड पडदे शिवून लावलेले होते, ऊन आत येऊ नये म्हणून.

इर्शादनं सगळं सांगितलं, आवाज न चढवता, जणू एखाद्या रोगट पिकाबद्दल सांगतोय तसं. दोन वर्षं तो मिरजेला एका उपचारासाठी जात होता. बिघडलेला नकाशा पुन्हा आखता येतो, असं तिथल्या डॉक्टरबाईंचं म्हणणं होतं, पण त्याला एकच अट होती: घाई करायची नाही. लहान मुलाला अक्षर गिरवायला शिकवतात तसं एकेक बोट वेगळं करायचं. आधी नुसतं कंट्रोलरवर बोट टेकवायचं. मग एक बटण, तेही अगदी सावकाश. मेंदूला जुनी घाई आठवली की नव्यानं आखलेल्या रेघा पुन्हा एकमेकीत मिसळतात आणि आधीपेक्षा वाईट मिसळतात. इर्शादनं कुणालाही सांगितलं नव्हतं. यश येईल याची खात्री नव्हती, आणि पुन्हा एकदा सगळ्यांसमोर निरोप घ्यायची त्याची तयारी नव्हती. पण पावसाळ्यात तो पहिल्यांदा एक सोपा गेम पुरा खेळला. सावकाश, पण सलग.

"तेच दाखवायचं होतं तुला," तो म्हणाला. "दिवाळीनंतर."

अभिनंदन खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता.

"मग तुझा मतदानाचा व्हिडिओ आला. मी पण मत दिलं. तिसऱ्याला."

"तिसऱ्याला?"

"तू म्हणालास, इर्शादबरोबर. मला वाटलं लोकांनी मागितलं तर तू मला विचारायला येशील. आलास की सांगणार होतो, बस, खेळू. हळू खेळतो मी आता, पण खेळू. लोकांना हळू चालेल का, ते तुला विचारणार होतो." तो थोडं थांबला. "खोली तेव्हाच रंगवली."

निकाल लागल्यावर तो वाट बघत राहिला होता. फोन करावासा खूपदा वाटला, पण यावं अभिनंदननंच, असं त्याला वाटत होतं. त्यानंच हाक मारावी, यात इर्शादचा थोडासा मान होता. आणि मग एका संध्याकाळी घरच्यांबरोबर बसून त्यानं पहिला भाग बघितला. त्याच्या मुलीनं विचारलं, अब्बू, तुम्ही खेळायला कधी गेलात?

"मी त्या पडद्यावरच्याकडं बघत होतो," इर्शाद म्हणाला. "त्याचा हात किती चांगला चालत होता. माझाच हात. मी इथं महिनाभर घासून एक उडी शिकत होतो आणि तो बोलता बोलता दहा मारत होता."

मग इर्शादनं डॉक्टरबाईंचं सांगणं मोडलं. त्यानं सहावं दार काढलं आणि छायेच्या वेगानं खेळायला बसला. तो हात आपला असेल तर आपल्याला जमायलाच हवं, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. काही दिवस जमल्यासारखं वाटलं. मग बोटं मिटली ती उघडेनात, आणि या वेळी दुखणं कंट्रोलरपुरतं राहिलं नाही. चिमटीत बी धरायला गेलं तरी बोटं आत वळायला लागली. डॉक्टरबाईंनी खेळाचा सराव बंद केला. टोकणी परत जमेल का, हे वर्षा-दोन वर्षांनी बघू म्हणाल्या.

अभिनंदननं विचारलं की पहिल्या भागानंतर तरी फोन का केला नाहीस. विचारतानाच त्याला कळलं की हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला नाही. बाया चहा घेऊन परत आल्या होत्या, इर्शाद त्यांना पुढचे ट्रे कुठले ते सांगायला बाहेर गेला.

घरी आल्यावर अभिनंदननं पद्मजाला सगळं सांगितलं. मी तुला आधीच सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मालिका काढून टाकली. या वेळी त्यानं कुणाला विचारलं नाही. एका छोट्या व्हिडिओत त्यानं सांगितलं की इर्शादला न विचारता हे केलं, ते चूक होतं, शेवटचा भाग येणार नाही. आपल्या मित्राच्या आजाराबद्दल तो बोलला नाही, कारण ते सांगणं पुन्हा इर्शादचंच होतं. मंडळी भडकली. आम्ही निवडलं होतं, असं पुष्कळांनी लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. काहींनी पाठिंबा काढून घेतला. काहींनी लिहिलं की बरं केलंत. बाळंतपणानंतरच्या आठवणी लिहिणाऱ्या बाईनं लिहिलं, मला माहीत असतं तर मी मत दिलं नसतं. तेवढी एक ओळ अभिनंदननं पुन्हा पुन्हा वाचली. तिला माहीत नव्हतं ते त्याच्यामुळं.

मग त्यानं गार्गीला फोन करून हस्तछाया मागं घ्यायला सांगितलं. तीही वाईट मुलगी नव्हती. तिनं सांगितलं की छाया एका जागी राहत नाही. मंडळींना दिली तेव्हा ती प्रत्येकाच्या घरातल्या यंत्रात उतरली, आणि तिथं ती त्या त्या माणसाबरोबर खेळत खेळत थोडी थोडी बदलतेही. यापुढं नवीन कुणाला द्यायची नाही, एवढं प्रयोगशाळा करू शकते. दिलेली परत आणता येत नाही. इर्शादनं स्वतः दावा लावला तर कदाचित एखादा निकाल लागेल.

अभिनंदननं हे इर्शादला जाऊन सांगितलं. वकिलाचं सगळं आपण बघतो, म्हणाला.

"कोर्टात काय सिद्ध करू?" इर्शाद म्हणाला. "माझा हात माझा होता म्हणून?"

त्यानंतर अभिनंदन रविवारी नर्सरीत जायला लागला. कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्या रविवारी इर्शादनं त्याला बघितलं आणि कोकोपीटचं घमेलं पुढं सरकवलं. ट्रे भरायचे, पाणी द्यायचं, बी टोकायचं. टोकणीत त्याचा हात अगदीच कच्चा होता. एका खळग्यात दोन बिया पडायच्या, दुसरा रिकामा राहायचा, आणि शेजारच्या बाया हसायच्या. इर्शाद त्याच्याशी बोलायचा, पण ते बोलणं गिऱ्हाइकांशी बोलावं तसं. पाऊस कसा आहे, कृष्णेला पाणी किती आलं, पद्मजा कशी आहे. एकदा जुन्या दिवसांबद्दल काहीतरी अभिनंदनच्या ओठांवर आलं होतं, पण इर्शादनं तेवढ्यात पाइपाचा नळ उघडला.

असं वर्ष गेलं. चॅनेल अभिनंदननं बंद केलं नाही, पण त्यावर फार काही टाकलंही नाही. तो इचलकरंजीच्या एका शाळेत मुलांना संगणक शिकवायला लागला.

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी बार्शीकडची एक गाडी नर्सरीपाशी थांबली. साठीतले नवराबायको उतरले. बाईंनी इर्शाद मुजावर इथंच का, असं विचारलं, आणि इर्शाद पुढं आल्यावर त्या क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या.

त्यांचा मुलगा परदेशी होता. जायच्या आधी त्यानं त्यांना वेळ जावा म्हणून गेम लावून दिला होता आणि जोडीदार म्हणून इर्शादची छाया. बाई रोज दुपारी खेळत. नरसोबाच्या वाडीला दर्शनाला आलो होतो, त्या म्हणाल्या, इतक्या जवळ आल्यावर तुम्हाला न भेटता जाववेना. आपण काही वावगं बोलतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. मालिका बंद का झाली याची त्यांना काहीच कल्पना नव्हती.

अभिनंदन ट्रे घेऊन जागच्या जागी उभा राहिला. पुढं होऊन बाईंना थांबवावं की नाही हे त्याला कळेना.

इर्शादनं त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मग त्यानं विचारलं, "मी कसा खेळतो?"

बाई हसल्या. "फार सांभाळून घेता. मी किती वेळा चुकते, तुम्हाला सारखं मागं यावं लागतं. पण तुम्ही कधी म्हणजे कधीच चिडत नाही."

त्यांच्या यजमानांनीही मान डोलावली. इर्शादनं त्यांना घरच्या बागेसाठी टोमॅटोची आणि वांग्याची थोडी रोपं दिली, पैसे घेतले नाहीत. बाईंनी निघताना त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. बोटं मिटलेली होती. त्यांना ते जाणवलं असणार, त्यांनी हात थोडा जास्त वेळ धरून ठेवला.

गाडी रस्त्याला लागली. इर्शाद फाटकापाशी उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होता. मग तो परत आला आणि अभिनंदनच्या समोर उभा राहिला.

"चिडतो मी," तो म्हणाला.

अभिनंदननं मान वर केली.

"तुझ्यावर चिडलोय मी. रोज सकाळी उठलो की बुटाची नाडी बांधता येत नाही तेव्हा पहिल्यांदा तू आठवतोस. एक वर्ष झालं तू इथं येतोस, गपचूप ट्रे भरतोस, आणि मला वाटतं तुला हाकलून द्यावं. आणि नाही आलास तर काय करू, असंही वाटतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला पण नाही."

त्याचा आवाज चढला होता. बाकावरच्या बायांचे हात थांबले. इतक्या वर्षांत, कॅमेऱ्यासमोर किंवा कॅमेऱ्यामागं, अभिनंदननं त्याचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. काही बोलावं, माफी मागावी, असं त्याला वाटलं, पण इर्शादचं अजून संपलेलं नव्हतं.

अभिनंदननं हातातला ट्रे जमिनीवर ठेवला आणि तो समोरच्या खुर्चीवर ऐकायला बसला.